दीनाबाईची चौथी मूठ

या, बसा मंडळी. मागं भिंतीला टेकलेले जरा पुढं सरका बरं — भिंत तुमच्यावाचून पडायची नाही! लेकरांना मांडीवर घ्या. पेटीवाले, सूर खालचा धरा. आजचं आख्यान वरच्या पट्टीत गायचं नाही. प्रभू येशूच्या पायाशी क्षणभर डोळे मिटू, आणि मग एक प्रश्न तुमच्यात सोडते.

प्रश्न असा. भरल्या हातानं देवाला कुणीही देतं. सुगी झाली — दिलं. लेकाला नोकरी लागली — दिलं. सून चांगली मिळाली — दिलं! हसू नका काकू, मिळते कधीकधी! पण ज्याच्या हातातलं सगळ्यांत लाडकं तेच निघून गेलं, त्यानं काय द्यावं? रिकामा हात देवापुढं धरायचा तरी कसा? आणि धरलाच, तर देव तो हातात घेतो का?

आहे कुणापाशी उत्तर? … माना खाली गेल्या. माझीही जाते. उत्तर माझ्यापाशी नाही, मंडळी. माझ्यापाशी गोष्ट आहे.

दिले तेही तुझे । उरे तेही तुझे ।
रिकामे हे माझे । हात देवा ॥

मुळा नदीच्या काठी शिरसवाडी नावाचं गाव. गावाच्या कडेला आपली तीस-पस्तीस घरं आणि मधोमध पत्र्याचं चर्च. आमच्याकडची म्हातारी माणसं त्याला अजून देऊळच म्हणतात. त्या वस्तीत लूकस गवंडी राहायचा. हात असा की ओळंबा न लावता भिंत सरळ उभी करेल! त्याची बायको दीनाबाई. लूकसची आई मार्थाबाई. आणि एकच लेक — एस्तेर. पण एस्तेर कोण म्हणतंय? साऱ्या वस्तीची ती एस्तू.

आता त्या वस्तीची रीत ऐका, कारण पुढची सगळी गोष्ट या रीतीवर उभी आहे. रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी घरची बाई कणगीतून बाजरी काढायची. घरातल्यांच्या पोटात काही जायच्या आधी देवाच्या नावची मूठ बाजूला. घरात माणसं जितकी, मुठी तितक्या! प्रत्येक मुठीबरोबर त्या माणसाचं नाव घ्यायचं, त्याच्यासाठी एक वाक्य बोलायचं आणि मूठ मडक्यात सोडायची. रविवारी मडकं देवळात न्यायचं. ज्याच्या घरी चूल थंड असेल, त्याच्याकडे ती बाजरी जायची. आणि नियम एकच — काढलेली मूठ परत कणगीत घालायची नाही. दिलं ते दिलं.

दीनाबाईच्या घरी मुठी चार. लूकसची — "प्रभू, परांचीवरून याचा पाय घसरू देऊ नको." सासूची — "हिचे गुडघे सांभाळ." स्वतःची — त्या मुठीला ती काही मागायची नाही, नुसतं नाव. आणि चौथी एस्तूची. पण ही चौथी दीनाबाईनं टाकायची नाही हं! एस्तू चार वर्षांची झाली तेव्हापासून भांडायची, "माझी मूठ माझी मी टाकणार!" केवढी मूठ ती? लिंबाएवढी! अर्धे दाणे बोटांच्या फटीतून कणगीतच परत.

एकदा विचारते कशी, "आई, माझी मूठ देवाला कळते का गं? का तुझ्या बाजरीत मिसळून जाते?"

दीनाबाई म्हणाली, "कळते गं. त्याला दाणा न् दाणा कळतो."

"मग मी आज दोन दाणे कमी टाकले, तेपण कळलं?"

"तेपण कळलं. टाक ते दोन!"

हसलात. मीही हसते दर वेळी. हे वाक्य मात्र पदराला बांधून ठेवा — 'कळते का गं?'

एस्तू नऊ वर्षांची झाली. त्या साली पुनरुत्थानाच्या सणाआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात तिला ताप आला. आठ दिवस होता. नवव्या दिवशी अंथरुणाची घडी घालून ठेवावी लागली. मंडळी, ते आठ दिवस मी सांगत नाही. ज्यांनी असे आठ दिवस काढलेत त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी काढले नाहीत त्यांना सांगून कळायचे नाहीत.

मूठमातीची वेळ आली. लेकीच्या थडग्याचे दगड लूकसनं स्वतः बसवले. जन्मात पहिल्यांदा त्याची ओळ वाकडी आली, आणि कुणीही ती सरळ कर म्हणालं नाही. पाळक सीलासरावांनी प्रार्थना केली. एकेक जण वाकला, एकेकानं मूठभर माती सोडली. दीनाबाई वाकली. मूठ भरून माती घेतली. हात पुढं केला —

मूठ उघडेना!

"सोड पोरी," बाया म्हणाल्या. "सोड गं माय, मोकळी हो." कुणी बोटं धरून उघडू पाहिली. लोखंडाची झाली होती बोटं. अर्धी घटका सगळे उभे. शेवटी ती तशीच वळली आणि ती माती मुठीत घेऊन घरी आली.

झालं! कुजबूज. "मूठमातीची माती घरात आणतं का कुणी?" कुणी म्हणालं डोक्यावर परिणाम झालाय. मार्थाबाई मात्र उठली. जुन्या लुगड्याचा कोपरा टरकावला, सुनेसमोर धरला आणि म्हणाली, "घे. ह्यात बांध. हात दुखल." बघा मंडळी, सांत्वन कसं असतं! लांबलचक नसतं. फडक्याएवढं असतं.

दुसरा दिवस उजाडला. वाटलं, आज ही काही उठत नाही. पण अठरा वर्षांची सवय अंगात मुरलेली. उठली, कणगीपाशी गेली. लूकसची मूठ — टाकली. सासूची — टाकली. स्वतःची — टाकली. आणि हात चौथ्यांदा कणगीत गेला. बोटं आपोआप आखडली, लिंबाएवढी झाली. तेवढेच दाणे घेऊन हात वर आला, आणि तोंडातून नाव निघालं —

"एस्तूची."

मग कळलं. मडक्याच्या तोंडाशी हात थबकला. मडक्यात टाकावी, तर मेलेल्या माणसाच्या नावानं दान देणं आपल्या मंडळीत नाही. परत कणगीत घालावी, तर काढलेली मूठ माघारी जात नाही. करू काय? शेवटी एस्तूचा खाऊचा पत्र्याचा डबा काढला. त्यात ते दाणे ठेवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तेच. हात ऐकेचना! माय माझी — एक मूठ उघडेना आणि एक मूठ थांबेना. या दोन मुठींमध्ये ती बाई उभी राहिली.

आणि लोक? लोक सांत्वनाला येत होते! तुम्ही-आम्ही जातो तसे. चहा घ्यायचा, सुस्कारा टाकायचा आणि एक वचन देऊन निघायचं. मंडळीचे वडीलधारे दावीदअप्पा, सत्तरी ओलांडलेले. ते आले, काठी टेकून बसले आणि म्हणाले, "देवानं दिलं, देवानं नेलं. धीर धर, दीना."

दीनाबाई चुलीकडे बघत म्हणाली, "अप्पा, ते शास्त्रातल्या त्या ईयोबानं स्वतःच्या तोंडानं म्हटलं होतं. भेटायला आलेल्यांनी नाही."

काय बोलली हो! शास्त्र किती वेळा वाचलं मी, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ज्याची लेकरं गेली तो ईयोब म्हणाला. आणि त्याचे जे मित्र भेटायला आले होते, ते सात दिवस जमिनीवर गप्प बसले तोवर फार चांगले होते. तोंड उघडलं आणि घोटाळा झाला!

दिवस जात राहिले. रविवारी दीनाबाई देवळात यायची, पण दाराशी बसायची, चपलांजवळ. गाणं सुरू झालं की ओठ मिटून घ्यायची. मडकं आणायची — तीन मुठींचं. मातीचं फडकं कमरेला खोचलेलं. सासूनं विचारलं तर देवाशी भांडण नाही म्हणायची. "भांडायला बोलावं लागतं आत्याबाई. मी बोलतच नाही त्याच्याशी."

अशात एका दुपारी अप्पा आणि पाळकसाहेब घरोघरी प्रार्थना घेत तिच्या दारी आले. लूकस कामावर. मार्थाबाई कोपऱ्यात सुपात बाजरी निवडत बसलेली. अप्पांची नजर फळीवरच्या डब्यावर गेली. झाकण वर आलं होतं, इतके दाणे झाले होते.

"हे काय गं?"

खोटं तिला बोलता येत नव्हतं. "एस्तूची मूठ," ती म्हणाली.

अप्पा उभेच राहिले! वाईट नव्हते हं ते. फार नियमाचे. पाऊस आला तरी आधी नियम बघतील आणि मग छत्री उघडतील! "मेलेल्याच्या नावानं धान्य काढतेस? आपल्या वाडवडलांनी हे पितरांचं सगळं सोडलं, त्यासाठी विहिरीवरून हाकलून घेतलं, आणि तू परत उंबऱ्याच्या आत आणतेस? पाळकसाहेब, तुम्ही सांगा हिला. हे थांबलं पाहिजे."

पाळकसाहेब काही बोलायच्या आत दीनाबाई उठली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "थांबवते अप्पा. आजपासून थांबवते. एकच करा. इथं उभं राहून तुमच्या तोंडानं म्हणा — एस्तू नाही. एवढे दोन शब्द म्हणा. मग माझा हात कणगीत गेला तर तोडून टाकते."

अप्पांनी तोंड उघडलं.

शब्द आला नाही.

परत उघडलं. ओठ हलले. चेहरा चुलीतल्या राखेसारखा झाला. काठी उचलली आणि म्हातारा प्रार्थनेसाठी काढून ठेवलेली टोपी तिथंच विसरून बाहेर निघून गेला. का गेला? त्या वेळी कुणालाच कळलं नाही. तुम्हीही थांबा.

घरात तिघं उरली. आता मात्र दीनाबाईचा बांध फुटला. "पाळकसाहेब, तीस वर्षं तुम्ही शिकवता. देव दयाळू, देव बाप, देवाला सगळं कळतं. काय कळतं त्याला? वर बसून लेकरू जाणं काय कळतं? मी तापलेलं अंग मांडीवर धरलं होतं! त्याला काय ठाऊक?"

पाळकसाहेब चांगला माणूस. चांगला कशावरून? गप्प बसले यावरून. तीस वर्षांची प्रवचनं खिशात होती, एकही काढलं नाही. घरात फक्त सुपाचा आवाज. सळ्, सळ्, सळ्.

सूप थांबलं. अक्षर न शिकलेली मार्थाबाई. तिनं मानही वर केली नाही. बाजरीतला खडा उचलून बाजूला टाकला आणि म्हणाली,

"त्याचंबी गेलं की गं, पोरी."

…

"एकुलतंच होतं. आन् आजारानं न्हाई. भर उन्हात, लोकांच्या देखत. आई खाली हुबी."

मंडळी! इथं पेटी थांबवा. इथं मलाही थांबू द्या.

त्या घराच्या भिंतीवर अठरा वर्षं लाकडी क्रूस टांगलेला होता. दर शनिवारी दीनाबाईनं तो फडक्यानं पुसला होता. आज पहिल्यांदा तिनं तो पाहिला! आजवर वाटायचं, वर बसलेला तो देणारा आणि नेणारा. आज दिसलं, तो वर बसलाच नव्हता. ज्या अंथरुणाची तिनं नवव्या दिवशी घडी घातली, त्या अंथरुणापाशी तो बसून होता. तिच्या मुठीत माती होती, तर त्याच्या हातात खिळा होता. बाई क्रूसाखाली बसली. रडली नाही. थरथरत राहिली. चर्चच्या घंटेचा टोल थांबतो आणि पितळ आतून घुमत राहतं ना, तशी.

मग पाळकसाहेब हळूच म्हणाले, "दीनाबाई, अप्पांचं एक खरं. एस्तूसाठी आपण मूठ काढत नाही. तिला आता आपल्या बाजरीची गरज नाही. पण एस्तूकडून? जी नऊ वर्षं तुझ्या घरी होती, तिच्याकडून आभाराची मूठ? ती कोण अडवील? जो देव मेलेल्यांचा नाहीच, जिवंतांचाच आहे, त्याच्यापुढं तुझी लेक हजर आहे. काढत राहा. आणि पुनरुत्थानाच्या सणाच्या पहाटे या दाण्यांच्या भाकरी करून कबरस्तानात आण."

"भाकरी? तिथं?"

"मरणातून उठल्यावर प्रभूनं आपल्या माणसांसाठी काय केलं, आठवतं ना? तळ्याकाठी जाळ केला, भाकरी-मासळी भाजली आणि थकल्याभागल्यांना हाक मारली — न्याहारीला या! मरण जिंकून आला आणि चुलीपाशी बसला, बाई!"

दीनाबाईच्या ओठाचा कोपरा हलला. चुलीचं तिला कळत होतं.

उपवासकाळ संपला. शुभ शुक्रवार गेला. पुनरुत्थानाची पहाट आली. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे — तांबडं फुटायच्या आधी सगळी मंडळी कबरस्तानात. थडग्याथडग्यावर मेणबत्ती. चिंचेखाली पोरं पेंगताहेत, पेटीवाल्याला झोपेनं सूर लागत नाही! दीनाबाई एस्तूच्या वाकड्या ओळीच्या थडग्यापाशी उभी. पायाशी दुरडी, दुरडीत बावीस भाकरी, वर धुतलेलं फडकं. आणि डाव्या मुठीत फडक्यातून काढलेली ती माती. घरून ठरवून आली होती, आज सोडायची. गाणं झालं, सोडली नाही. प्रार्थना झाली, सोडली नाही. हात पुढं करायची आणि मागं घ्यायची.

पाळकसाहेब म्हणाले, "या, न्याहारी करा. एस्तेरकडून आहे."

लोक आले. दुरडीतून भाकरी उचलत होते, एकमेकांना देत होते. ज्या बाया कुजबुजल्या होत्या त्यांनीही घेतली, आणि घेताना दीनाबाईच्या खांद्याला हात लावून गेल्या. दुरडी रिकामी झाली. शेवटची भाकरी दीनाबाईनं उजव्या हातात घेतली, लेकीची म्हणून.

तेवढ्यात काठी वाजली. दावीदअप्पा! सगळ्यांच्या मागून आलेले. बोडक्या डोक्यानं. टोपी तिच्याच घरी होती ना!

म्हातारा थडग्यापाशी येऊन थांबला. मग म्हणाला, "दीना, माझा योना होता."

"कोण योना, अप्पा?"

"तीन दिवसांचा. बेचाळीस वर्षं झाली. तो पलीकडे बाभळीखाली आहे, दगडसुद्धा नाही लावला मी. त्याची आई नाव घ्यायची, मी गप्प करायचो. देवानं दिलं, देवानं नेलं, म्हणायचो. ती गेली, मग नाव घेणारंही कुणी राहिलं नाही. त्या दिवशी तू म्हणालीस, नाही म्हणा. एस्तू नाही म्हणायला गेलो आणि गळ्याशी योना आला! जीभ उचलेना, पोरी. कारण तो आहे गं. बेचाळीस वर्षं आहेच." म्हाताऱ्यानं हात पुढं केला. सत्तरी ओलांडलेला हात, लहान पोरासारखा. "अर्धी भाकर दे. माझ्या योनाच्या वाटची."

आता बघा मंडळी, नीट बघा! ताटात ठेवलेली भाकरी एका हातानं मोडते. पण उभ्या उभ्या अर्धी कुणाला द्यायची, तर दोन हात लागतात. एक हात भाकरीचा. दुसरा?

दुसऱ्या हाताची मूठ आवळलेली.

दीनाबाईनं अप्पांकडे पाहिलं. तो पुढं आलेला हात पाहिला. तिनं विचार केला नाही, ठरवलं नाही. भुकेलं समोर आलं की आईचा हात जसा जातो तसा तो डावा हात वर गेला, भाकरीला लागला आणि — उघडला!

माती पडली. थडग्यावर, त्या वाकड्या दगडांच्या ओळीवर, अगदी हलकी. सगळ्या उपवासकाळात कोरडी ठणठणीत झालेली माती, तिचा आवाजसुद्धा झाला नाही. भाकरी मोडली त्याचा आवाज झाला.

"अप्पा, हाताला माती लागलीय माझ्या. भाकरीला लागली."

"असू दे," अप्पा म्हणाले. आणि डोळे मिटून त्यांनी ती भाकरी तशीच खाल्ली.

नदीपलीकडून सूर्य वर आला. एकेका थडग्यावरची मेणबत्ती फिकी पडली, सगळी माणसं उजळली. दीनाबाई दोन्ही तळहात उघडे धरून उभी होती. एका हातावर बाजरीचा चुरा, दुसऱ्यावर लेकीच्या मातीचा डाग. आणि तिला ते दुसरे, प्रभूचे हात आठवले. मरणातून उठले, गौरवानं भरले, तरी ज्यांवरचे खिळ्यांचे व्रण बुजवले नाहीत ते हात! का नाही बुजवले हो? सगळं नवं करणाऱ्याला दोन जखमा नव्या करता येत नव्हत्या? ठेवल्या. आपलं दुःख मरणाच्या पलीकडेही त्यानं हातावर वागवलं, म्हणून ठेवल्या!

बाई खाली वाकली. थडग्याला ओठ लावले आणि उपवासकाळ सुरू झाल्यापासून देवाशी अबोला धरलेली बाई बोलली. मातीपलीकडच्या माणसाला ऐकू जाईल इतकंच,

"कळते गं, एस्तू. त्याला तुझी मूठ कळते."

मंडळी, मग दुःख गेलं का तिचं? नाही. तुम्हाला खोटं सांगून मी देवाची थोरवी वाढवणार नाही. दुसऱ्या दिवशी चौथी मूठ काढताना ती हमसून रडली, वर्षभर रडली. पण आता ते दाणे डब्यात जात नव्हते, मडक्यात जात होते. आणि पुढच्या रविवारी अप्पांनी देवळात काय आणलं ठाऊक आहे? जेमतेम बोरभर बाजरी, रुमालात बांधून. तीन दिवसांच्या बाळाची मूठ केवढी असणार!

आपण म्हणतो, झाकली मूठ सव्वा लाखाची. जगात असेल. पण इथं बसलेल्या प्रत्येकाच्या पदरात, खिशात एक मूठ अशी झाकलेली आहे, आणि तिच्यात माती आहे. ती ज्याला आठवली त्याला आठवली. मी ती जबरदस्तीनं उघडायला आले नाही, त्या बायांनी बोटं ओढून काय झालं ते ऐकलंत तुम्ही. मी एवढंच सांगते — शेजारी बघा. तुमच्या डाव्या-उजव्या हाताला कुणीतरी बसलंय, ज्याला तुमच्याकडून अर्धी भाकर हवी आहे. आणि अर्धी भाकर एका हातानं देता येत नाही.

चला, पेटी. हळू.

रिकाम्या हातात । व्रणांचा तो हात ।
ठेवी माझा नाथ । उगवता ॥

उठू नका लगेच. आधी आपापल्या माणसाचं नाव घ्या. मोठ्यानं घेतलंत तरी चालेल. तो ऐकतो आहे.